गरम झाली की मिसिंग, सिग्नलला थांबली की बंद: एका सीएनजी गाडीच्या कामाच्या नोंदी

८ जुलै २०२४

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. टॅपेट (व्हॉल्व्हवरच्या टोप्या, ज्यांना दाबून कॅम व्हॉल्व्ह उघडतो) साधे, हायड्रॉलिक नाहीत; ही गोष्ट पुढे कामाला येणार. मीटरवर १,१८,४०० किमी, त्यातले शेवटचे साधारण ७५ हजार सीएनजीवर. किट सिक्वेन्शिअल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर), बाहेरून बसवलेलं.

तक्रार अशी: सकाळी एका चावीत सुरू होते, थंड असताना काही त्रास नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास फिरली की आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटणं, सुरू होतं, स्टिअरिंग थरथरतं. सिग्नलला पाच-सहा वेळा थांबली की एकदा बंद पडते. पुन्हा कधी लगेच सुरू होते, कधी दहा मिनिटं घेते. हायवेला साठ-सत्तरवर शांत चालते.

आधी दुसरीकडे बदललेलं: तिन्ही प्लग, दोन नंबरची कॉइल, टाकीतला पेट्रोल पंप, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगणारा). थ्रॉटल बॉडी दोनदा साफ. फरक शून्य. जॉब कार्डवर वरच लिहून ठेवलं आहे, मोजमाप हातात येईपर्यंत एकही पार्ट मागवायचा नाही.

स्कॅनरवर दोन कोड: पी०३०० (कुठल्याही सिलिंडरचा मिसफायर) आणि पी०३०२ (दोन नंबरचा मिसफायर). क्रँक सेन्सरचा पी०३३५ नाही. पी०३०२ चा फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची नोंद): आरपीएम ७८०, कूलंट ९४ अंश, वेग शून्य. म्हणजे गरम इंजिन, उभी गाडी. फोटो काढून ठेवला आणि मगच कोड पुसले. फ्रीझ फ्रेम न बघता कोड पुसणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं.

इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली तर मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) ९४ केपीए दाखवतो. पुण्याच्या उंचीला हे बरोबर आहे, मुंबईत १०० च्या आसपास दिसेल. सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. गरम आयडलला तोच ४१ ते ४६ मध्ये नाचतो. चांगल्या इंजिनात ३० ते ३५ ला स्थिर असायला हवा.

फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो) आयडलला अधिक ९ टक्के, २५०० आरपीएमला अधिक १. हे आकडे बघून कुणीही एअर लीक म्हणेल. म्हणून स्मोक मशीन लावलं: इनटेक मॅनिफोल्ड, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही, सगळीकडे कोरडं. लीक नाही. ट्रिम वर जाण्याचं दुसरं कारण मिसफायर स्वतःच आहे. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो.

९ जुलै

आज फक्त बंद पडण्याच्या मागे. पेट्रोल मोड, एसी ऑन, आवारात उभी करून आयडलला सोडली. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) टी लावून प्रेशर गेज बसवलं. स्कॅनरवर तीनच गोष्टी निवडल्या: आरपीएम, मॅप, बॅटरी व्होल्टेज. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरवर पंधरा गोष्टी एकदम लावल्या तर दोन वाचनांमध्ये दोन-दोन सेकंद जातात आणि नेमका हवा तो क्षण निसटतो.

३८ मिनिटांनी बंद पडली. नोंद: ७९०, ७४०, ८१०, ०. मध्ये एकही पायरी नाही. पेट्रोल तुटलं असतं तर ७९०, ६४०, ४१०, १८० असं गुदमरत गेलं असतं, कारण रेलमध्ये उरलेलं पेट्रोल दोन-चार फेऱ्या तरी पेटतंच. आरपीएमचा काटा तर इंजिन पूर्ण थांबायच्या आधीच खाली आपटला. गेज ३ बारवर स्थिर, व्होल्टेज १३.९, चेक लाइट आणि मीटर चालू. पंप, मेन रिले, इग्निशन स्विच एका फटक्यात यादीतून बाद. राहिला क्रँक सिग्नल.

मग पी०३३५ का पडला नाही? तो कोड यायला कॅमचा सिग्नल येत असताना क्रँकचा काही काळ गायब असावा लागतो. आयडलला सिग्नल तुटला की इंजिन अर्ध्या सेकंदात थांबतं, मग कॅमही थांबतो, आणि ईसीयू समजतो की चालकाच्या हातून गाडी बंद पडली. कोड नाही म्हणजे सर्किट चांगलं, असं धरून चालू नये.

दुपारी दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप लावला. सेन्सर हॉल प्रकारचा, तीन पिनचा: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. पुरवठा ५.० व्होल्ट, अर्थवर ड्रॉप ०.०२. सेन्सरच्या कनेक्टरवर चौकोनी लाट स्वच्छ, खालची पातळी ०.२ व्होल्ट. तीच लाट ईसीयूच्या पिनवर बघितली तर खालची पातळी १.४, आणि मिसिंगच्या थरथरीत मध्येच २.५ पर्यंत चढते.

या दोन आकड्यांत सगळं आलं. सिग्नलची तार ईसीयू आतूनच ५ व्होल्टला ओढून धरतो, सेन्सर तिला क्रँकवरच्या चाकाच्या दर दात्याला अर्थकडे खेचतो. मध्ये कुठे रोध आला तर सेन्सर पूर्ण खेचतो, पण ईसीयूच्या टोकाला व्होल्टेज पुरतं खाली येत नाही. एका मर्यादेपलीकडे ईसीयूला दाते दिसायचेच थांबतात. सेन्सर नवा टाकून याच्यात काही फरक पडणार नव्हता.

इंजिन चालू ठेवून वायरिंग हाताने थोडं थोडं हलवत गेलो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूने जाणारा गठ्ठा उजव्या माउंटिंगजवळ दाबला की गाडी बंद. तीनदा केलं, तीनदा बंद.

१० जुलै

गठ्ठ्यावरची टेप उष्णतेने पापडासारखी झाली होती, सोलताना तुकडे पडले. आत किटची आरपीएम वायर क्रँकच्या सिग्नल तारेला जोडलेली. मूळ तारेचं इन्सुलेशन ब्लेडने सोललेलं, त्याभोवती किटच्या तारेचे तीन वेढे, वर काळी टेप. ना सोल्डर, ना क्रिंप. तांबं काळपट, मध्ये हिरवी बुरशी, आणि मूळ तारेच्या सोळापैकी अकरा पदरांना ब्लेड लागून ते तुटलेले. उरलेल्या पाच पदरांवर गाडी चालत होती.

दुरुस्ती: दोन्ही बाजूंना तांबं लालसर लागेपर्यंत तार कापली, एका बाजूला ४ सेमी, दुसऱ्या बाजूला ६. काळं तांबं ठेवून जोडलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच. त्याच जाडीची नवी तार मध्ये घातली. जोड क्रिंप स्लीव्हने, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. इंजिनच्या खोलीत नुसतं सोल्डर आम्ही टाळतो. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच मोडते. दोन जोड एकासमोर एक न ठेवता पुढेमागे ठेवले. गठ्ठा मॅनिफोल्डपासून लांब नेऊन क्लिप लावली, पण माउंटिंगपाशी इंजिन हलायला पुरेशी ढील सोडली.

किटची आरपीएम वायर आता एक नंबर कॉइलच्या ट्रिगरवरून घेतली, किटच्या सॉफ्टवेअरमध्ये सिग्नलचा प्रकार बदलून. क्रँक आणि कॅमच्या तारांना हात लावायचाच नाही, हा नियम किट बसवणाऱ्यांनी पाळला तर निम्म्या सीएनजी गाड्यांचं भूत उतरेल.

ईसीयूच्या पिनवर खालची पातळी आता ०.२२. सव्वा तास गरम आयडल, एसीसह. बंद पडली नाही. मिसिंग मात्र जसंच्या तसं.

आता उलगडा होतो की दोन्ही दोष एकच का वाटत होते. गरम झाल्यावर मिसिंग, मिसिंगने इंजिन हलतं, हलण्याने जोड सुटतो. थंडीत मिसिंग नाही, म्हणून बंदही पडत नाही. हायवेला इंजिन गुळगुळीत चालतं, म्हणून तिथेही नाही. बंद पडणं वायरिंगचं होतं, पण त्याला धक्का देणारा दोन नंबरचा सिलिंडर होता.

११ जुलै

बॅलन्स टेस्ट, गरम इंजिन. प्लगवरून कॉइल उपटण्याऐवजी इंजेक्टरचे कनेक्टर काढले. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) ओतण्यात शहाणपण नाही आणि उघड्या स्पार्कने कॉइलही मरते. एक नंबर काढला: ७८० वरून ६१०. तीन नंबर: ६००. दोन नंबर: ७६०. दोन नंबर आयडलला जवळजवळ फुकट फिरतोय.

सीएनजीवर टाकून गॅस इंजेक्टरचं तेच केलं. निकाल तोच. दोन इंधनं असलेल्या गाडीत ही चाचणी फुकट मिळते: पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे, आणि दोष दोन्हीवर तोच. मग इंधन सोडून द्यायचं.

दोन आणि तीनच्या कॉइल अदलाबदल, स्कॅनरवरचा मिसफायर काउंटर दोनवरच. प्लग अदलाबदल, तरी दोनवरच. प्लगचा गॅप १.१ निघाला. पेट्रोलला चालतो, पण सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉइलवर ताण येतो. तिन्ही ०.८ ला आणले. मिसिंगवर परिणाम नाही, अपेक्षाही नव्हती.

व्हॅक्यूम गेजचा काटा ठरावीक लयीत खाली झटका देतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात काटा थोडा नाचतोच, म्हणून नळी किंचित चिमटून बघितलं. झटका राहिला. एकच व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचं हे जुनं लक्षण.

१२ जुलै

कॉम्प्रेशन. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद, बॅटरीला चार्जर, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं कॉम्प्रेशन काहीच सांगत नाही. प्रत्येकी आठ ठोके.

एक नंबर १२.८, दोन नंबर ९.२, तीन नंबर १२.६ किलो. सिलिंडरांमधला फरक १ किलोच्या आत हवा. एक आणि तीनचे आकडे पुस्तकातल्यापेक्षा जरा कमी वाटले तरी पुण्यात हवा पाच-सहा टक्के विरळ आहे, ते धरून घ्यायचं.

दोनमध्ये प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल सोडून पुन्हा घेतलं: ९.५. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने सील धरून आकडा ११ च्या पुढे गेला असता. रिंगा ठीक.

लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते बघणं): प्रत्येक सिलिंडर पाळीने टीडीसीला (पिस्टन अगदी वर), सगळे व्हॉल्व्ह बंद, ६ बार हवा. एक नंबर ९ टक्के, तीन नंबर ११, दोन नंबर ३७. ऑइलच्या झाकणाशी शांत, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, थ्रॉटलपाशी काही नाही. सायलेन्सरच्या टोकाशी कान नेला तर स्पष्ट सूं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

सूचना: हवा सोडण्याआधी क्रँक पुलीवरचा पाना काढून घ्या. टीडीसी दोन-चार अंश चुकला तरी पिस्टन खाली जातो आणि पाना गरकन फिरतो. मनगट मोडतं.

१३ जुलै

रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर टॅपेट क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट). माप हवं इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३२. इनटेकचे सहाही ०.१८ ते ०.२० मध्ये, चांगले. एक्झॉस्ट: एक नंबर ०.२२ आणि ०.२३, दोन नंबर ०.११ आणि ०.०५, तीन नंबर ०.२१ आणि ०.२४.

सगळेच एक्झॉस्ट आवळलेत, दोनचा एक तर जवळजवळ संपलाय. सीएनजी कोरडा वायू, व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये पेट्रोलइतका लेप राहत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स कमी होतो. हायड्रॉलिक टॅपेट असते तर ही झीज भरून निघाली असती. इथे कुणीतरी फिलर गेज घालेपर्यंत कळत नाही. आणि टॅपेट ढिला झाला तर टकटक वाजतो, आवळला तर काहीच वाजत नाही. इंजिन उलट छान शांत वाटतं.

थंड असताना ०.०५ उरतात म्हणून मिसिंग नाही. गरम झालं की व्हॉल्व्हची दांडी वाढते, ०.०५ संपतात, व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही. आयडलला एका ठोक्याला वेळ जास्त, म्हणून गळती जास्त. २५०० ला तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून तिथे गुळगुळीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडला देतो. टेकला नाही तर थंड होत नाही, आणि कड जळायला लागते.

नुसता क्लिअरन्स देऊन भागेल का, हे बघायला प्लगच्या भोकातून आरसा लावलेला ५.५ मिमीचा कॅमेरा घातला. चांगल्या व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळं गोल गोल सारखी दिसतात. याच्या कडेला घड्याळातल्या एक ते तीनच्या जागेत पांढरट पट्टा. जळालाय. हेड उतरवावं लागणार.

मालकांना १७ तारखेला आषाढीसाठी पंढरपूरला गाडी हवी होती. फोनवर स्पष्ट सांगितलं, काका, १७ ला मिळणार नाही. एसटीच्या जादा गाड्या असतात, त्याने जा.

१५ जुलै

हेड खाली. बोल्ट थंड इंजिनात, बाहेरून आत, तीन टप्प्यांत सैल केले. सरळ पट्टी आणि फिलर: वाकणं ०.०३, फेसिंगची गरज नाही. उगाच फेसिंग केलं की कॉम्प्रेशन आणि चेनचं टायमिंग दोन्ही हलतं.

दोन नंबरचा व्हॉल्व्ह हातात घेतला तर कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच, तिच्या तळाशी धातू वितळून गुळगुळीत झालेला. शेजारचा ०.११ वाला जळालेला नाही, पण बसण्याची जागा खड्ड्याखड्ड्यांची. दोन्ही नवे. बाकी चार एक्झॉस्ट लॅपिंगला (पेस्ट लावून सीटवर घासायला).

मशीन शॉपला लिहून दिलं: दोनच्या दोन्ही एक्झॉस्ट सीट ४५ अंशात, रुंदी १.१ ते १.३ मिमी. रुंदीवर नजर ठेवावी लागते. सीट अरुंद झाली तर उष्णता जात नाही, रुंद झाली तर कार्बन अडकतो. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून बघितले, खेळ नाही. बाराही स्टेम सील नवे.

१६ जुलै

हेड परत आलं. निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवून बघितला, रेघ पूर्ण गोल आणि मध्यभागी. पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं ठेवलं, सहाही एक्झॉस्ट कोरडे. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं. पेट्रोल फार पातळ, चांगली सीटही नापास करतं.

टॅपेटचा हिशेब. नवी जाडी म्हणजे जुनी जाडी अधिक मोजलेला क्लिअरन्स, वजा हवा असलेला. दोन नंबरच्या त्या व्हॉल्व्हला ३.१८ मिमीचा टॅपेट घालून क्लिअरन्स ०.०८ आला. हवा ०.३१. म्हणून ३.१८ अधिक ०.०८ वजा ०.३१, म्हणजे २.९५. सीएनजीवर हा क्लिअरन्स कमीच होत जाणार, त्यामुळे एक्झॉस्ट मुद्दाम वरच्या टोकाला, ०.३० ते ०.३२ मध्ये ठेवायचे. सहा टॅपेटची मापं पार्टवाल्याला पाठवली, दोन मापं त्याच्याकडे नाहीत. दोन दिवस थांबणं आलं.

१९ जुलै

टॅपेट आले, जोडणी पूर्ण. नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट, मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टप्प्यांनी टॉर्क. चेन बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवल्या, मगच स्टार्टर. क्लिअरन्स पुन्हा मोजला: एक्झॉस्ट सगळे ०.३० ते ०.३२.

गरम आयडलला मॅप ३३ केपीए, स्थिर. ट्रिम अधिक २. दोन नंबरचा इंजेक्टर काढला की आता ७६० वरून ५९० ला पडते.

गॅसवर मात्र तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की ट्रिम अधिक १४. गॅसचं मिश्रण पातळ, आणि पातळ मिश्रण गरम जळतं. हे असंच सोडलं तर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल. लो प्रेशर फिल्टर काढला तर आत काळं तेलकट. फिल्टर बदलला, मग पेट्रोल आणि गॅसवर एकाच आरपीएमला पेट्रोल इंजेक्टरचा वेळ जुळवून किटच्या सॉफ्टवेअरमधला गॅसचा तक्ता पुन्हा केला. आता जोर लावून अधिक ३. जाता जाता गॅस टाकीची प्लेट बघितली: तीन वर्षांच्या हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी) मुदत पुढच्या महिन्यात संपते. मालकांना लिहून दिलं.

२० जुलै

रोड टेस्ट. स्वारगेट ते कात्रज ट्रॅफिकमध्ये, मग जुन्या घाटाने वर, वर दहा मिनिटं बंद करून उष्णता इंजिनात मुरू दिली, पुन्हा सुरू करून खाली. अर्धं अंतर पेट्रोलवर, अर्धं गॅसवर. तिन्ही सिलिंडरचे काउंटर शून्य. एकदाही बंद पडली नाही. पंप, कॉइल आणि क्रँक सेन्सर हे तिन्ही जुने पार्ट डिकीत होते. तिन्ही तपासले, तिन्ही चांगले. पिशवीत घालून मालकांना परत, स्टेपनीशेजारी ठेवायला सांगितले.

९ ऑगस्ट

१,१०० किमीनंतर तपासणी. कॉम्प्रेशन १२.८, १२.९, १२.६. दोन नंबरचं लीकडाउन १० टक्के. ईसीयूच्या पिनवर क्रँक सिग्नलची खालची पातळी ०.२२, जराही हललेली नाही. उजव्या माउंटिंगचं रबर चिरलेलं आहे, मागवलं. पुढचा टॅपेट क्लिअरन्स १,४०,००० किमीला, थंड इंजिनावर. बॉनेटच्या आत स्टिकर लावला.